पाळीव मांजर, ऊन आणि प्रमाद

पाळीव मांजराला उन्हाळ्यात उन्हापासून जपणे हा वरवर पाहता पशुवैद्यकाचा विषय आहे. त्यात नैतिक प्रश्न शिरतो तो मांजराच्या आवडीमुळे. मांजराला ऊन हवे असते. कोणी बांधलेले नसताना, बाजूला सावली असताना ते खिडकीतल्या कवडशात जाऊन पसरते आणि कवडसा सरकेल तसे सरकत जाते. त्याच उन्हाने काही मांजरांचे कान भाजतात, आणि त्यांतल्या काहींना पुढे कर्करोग होतो. येथे छळणारा कोणी नाही. ज्याची हानी होते तो प्राणी आपखुशीने, डोळे मिटून त्या जागी बसलेला आहे. त्याला उचलून आत आणणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य, त्याची दया, की मांजराच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण? अहिंसेच्या आणि भूतदयेच्या परंपरांनी मारणे, ओझे लादणे, उपाशी ठेवणे यांविषयी पुष्कळ विचार केला आहे. स्वतःच्या आवडीने स्वतःची हानी करून घेणाऱ्या पाळीव जनावराविषयी त्यांच्यात सरळ उत्तर सापडत नाही. ते त्यांच्या तत्त्वांवरून काढावे लागते.

त्याआधी शरीराची बाजू पाहिली पाहिजे, कारण निम्मे उत्तर तिच्यात आहे. घरातले मांजर आफ्रिकी रानमांजराच्या वंशातले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे, इतका हा सहवास जुना. कोरड्या मुलखातल्या पूर्वजांकडून त्याला उबेची ओढ मिळाली आणि तहानेची मंद जाणीवही. माणसाला सुखद वाटणारी हवा मांजराला किंचित गारच असते. साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस या टप्प्यात त्याच्या शरीराला तापमान राखण्यासाठी जादा शक्ती खर्चावी लागत नाही. घाम त्याला येतो तो पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग चाटायचे आणि लाळ वाळताना मिळेल तेवढा गारवा घ्यायचा. तोंड उघडून धापा टाकणे ही कुत्र्याची रोजची रीत आहे, पण उन्हाळ्यात मांजर तसे करू लागले तर ती धोक्याची खूण समजावी. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की जिवावर बेतते. विदर्भात वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बंद गॅलरीत अडकलेल्या मांजराला या टोकाला पोहोचायला फार वेळ लागत नाही.

उष्माघात हा मात्र उन्हाचा एकच अपाय झाला. दुसरा अपाय अतिनील किरणांचा. तो सावकाश होतो, दिसत नाही, आणि मुख्यतः पांढऱ्या कातडीवर होतो. कानांची टोके, नाकाचा शेंडा, पापण्या या ठिकाणी केस विरळ असतात. तेथे रंगद्रव्यही नसेल तर किरणांना अडवणारे काही उरत नाही. आधी कानाची कड लालसर होते, मग तिच्यावर कोंडा धरतो, खपल्या येतात, कड आत वळते. थंडीत जखम बरी झाल्यासारखी वाटते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर येते. काही वर्षे असे चालल्यावर काही मांजरांत त्याच जागी स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग उद्भवतो, आणि मग कानाचा तेवढा भाग कापून काढावा लागतो. मांजर पूर्ण पांढरे असण्याची गरज नाही. अंगावर काळे-पिवळे ठिगळ असले, पण कान आणि नाक पांढरे असले, तरी धोका तोच. काचेचा आडोसाही पुरा पडत नाही. खिडकीची साधी काच यूव्हीबी किरण बहुतांशी अडवते, पण यूव्हीए किरण बऱ्याच प्रमाणात आत येऊ देते.

या दोन अपायांत एक भेद आहे आणि सगळा नैतिक प्रश्न त्याच्यावर टेकला आहे. उष्णता मांजराला जाणवते. असह्य झाली की ते उठते, मोरीच्या ओल्या फरशीवर जाऊन पडते, माठामागे दडते. अतिनील किरणांचा दाह होत असताना ते जाणवत नाहीत. जाणवते ती त्यांच्या सोबत येणारी ऊब, आणि ती हवीहवीशी असते. म्हणजे एका बाबतीत मांजराचे शरीर त्याला वेळेवर इशारा देते, दुसऱ्या बाबतीत तेच शरीर त्याला फसवते. मांजराला ऊन आवडते म्हणून ते त्याच्या हिताचे, हा युक्तिवाद पहिल्या बाबतीत बराचसा खरा आणि दुसऱ्या बाबतीत साफ खोटा आहे.

आता कर्तव्याचा प्रश्न. मराठी मनात भूतदया म्हटले की संत एकनाथांची कथा उभी राहते. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली. नामदेवांची कथाही अशीच: कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. या कथांचे मोठेपण त्या प्राण्यांच्या परकेपणात आहे. ते गाढव नाथांचे नव्हते, तो कुत्रा नामदेवांचा नव्हता. कोणी मागितले नव्हते, कोणी हिशेब विचारणार नव्हते, तरी दिले. चैत्र-वैशाखात पाणपोई घालणे, अक्षय्य तृतीयेला उदककुंभ देणे, गच्चीवर पाखरांसाठी परळात पाणी ठेवणे ही सगळी याच जातीची कृत्ये आहेत आणि त्यांना पुण्य म्हणतात ते योग्यच आहे.

आपल्याच घरातल्या मांजराला सावली देणे या जातीत बसत नाही. बाहेरच्या मांजराला ओसरीवर सावली दिली तर ते पुण्य. घरातल्या मांजराला दिली तर ते देणे फेडणे आहे. फरक पडतो तो कोंडण्यामुळे. कौलारू घरात मांजराला माळा असे, गोठा असे, पडवी, विहिरीजवळची ओल, फणसाखालचा पाचोळा असे. दुपारची जागा ते स्वतः शोधून काढी आणि घरातल्या कोणाला तिचा पत्ताही नसे. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत त्याच्या वाट्याला दोन खोल्या आणि जाळी लावलेली गॅलरी येते. पश्चिमेकडची गॅलरी असेल आणि दार लोटलेले असेल तर त्याच्यापुढे दुसरी जागाच उरत नाही. ज्याने वाटा बंद केल्या त्याने त्या वाटांच्या टोकाला जे मिळाले असते ते पुरवावे, हा साधा न्याय आहे. प्राणिनीतीच्या अभ्यासक क्लेअर पामर यांनी २०१०च्या आपल्या ग्रंथात हाच धागा धरला आहे: रानातल्या प्राण्याच्या दुःखात हस्तक्षेप करण्याचे बंधन सहसा नसते, पण माणसाने ज्याला परावलंबी केले त्याच्याबाबत ते असते.

इस्लामी परंपरेत हा विचार एका हदीसमध्ये अत्यंत नेमका आला आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. एका स्त्रीला मांजरामुळे शिक्षा झाली, कारण तिने ते कोंडून ठेवले, स्वतः खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाऊन जगायला मोकळेही सोडले नाही. मांजर पाळण्याचा दोष तिला लागलेला नाही. दोष आहे तो दोन्ही वाटा एकदम अडवण्याचा. अन्नाच्या जागी सावली ठेवली की गॅलरीतल्या मांजराला हा निवाडा जसाच्या तसा लागू पडतो.

तरीही कोणी म्हणेल की ऊन पाडणारा सूर्य, बसणारे मांजर. माणसाने केले काय? या शंकेला सर्वांत कडक उत्तर जैन विचारात आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण घेण्याबरोबर प्रमादाची अट घातली आहे. म्हणजे बेसावध, बेफिकीर वृत्तीतून घडलेला प्राणघात ती हिंसा. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात याहून पुढे जातात. त्यांच्या मते जीव मरो वा जगो, ज्याचे आचरण असावध आहे त्याला हिंसा लागलेलीच आहे. आणि जो जपून वागतो त्याच्या हातून चुकून जीव गेला तरी तेवढ्याने तो बांधला जात नाही. हा विचार उन्हातल्या मांजराला लावला की दोन निष्कर्ष निघतात, आणि दोन्ही सहज पचणारे नाहीत. पांढऱ्या मांजराला वर्षानुवर्षे भर दुपारी खिडकीत बसू दिले आणि नशिबाने त्याला काही झाले नाही, तरी पाळणाऱ्याची सुटका होत नाही. उलट ज्याने पडदे लावले, वेळा सांभाळल्या, कान तपासले, त्याच्या मांजराला कर्करोग झालाच, तर त्याने स्वतःला अपराधी समजण्याचे कारण नाही. निकाल फळावर लागत नाही, लक्षावर लागतो. गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे आणि अतिभार लादणे यांच्या जोडीला अन्नपाणी अडवणे हेही आहे. न करण्यातूनही हिंसा घडते हे तेथे पुरते मान्य केलेले आहे. योगसूत्रांत हिंसा केलेली, करवलेली आणि अनुमोदलेली अशी तीन प्रकारची मानली आहे. डोळ्यांदेखत कानाची कड लाल होत असताना 'त्याला आवडते तिथे बसायला' म्हणत राहणे तिसऱ्या प्रकाराच्या जवळ जाते.

पाश्चात्त्य विचारातली इमॅन्युएल कांटची भूमिका येथे अपुरी पडते. जनावरांशी क्रूरपणे वागणारा माणूस माणसांशीही कठोर होतो, म्हणून क्रौर्य टाळावे, असे त्याचे म्हणणे. पण मांजराला उन्हात झोपू देण्यात क्रौर्याचा लवलेश नाही. ते दृश्य प्रेमळच दिसते, लोक त्याची छायाचित्रे काढतात. त्यातून कोणाचे मन निबर होत नाही आणि मांजराचा कान मात्र भाजतो. कर्तव्य थेट मांजराप्रतीच मानल्याखेरीज या अपायाला नाव देता येत नाही. प्राण्याला विचार करता येतो का, यापेक्षा त्याला दुःख होते का हे पाहावे, असे जेरेमी बेंथमने १७८९मध्ये लिहिले ते येथे अधिक उपयोगी.

प्रश्नाचा कठीण भाग स्वातंत्र्याचा आहे. प्राणिकल्याणाच्या क्षेत्रात 'पाच स्वातंत्र्ये' मानली जातात. त्यांचा उगम ब्रिटनमधल्या १९६५च्या ब्रँबेल समितीच्या अहवालात, आणि आजचे स्वरूप १९७९चे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या जल्लिकट्टू निकालात ती १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याशी जोडली. त्या कायद्याचे तिसरे कलम ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याचे क्षेम राखण्याचे आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याचे बंधन घालते, आणि अकरावे कलम पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणाऱ्या मालकाला दोषी धरते. पाच स्वातंत्र्यांत वेदना व रोग यांपासून मुक्ती आहे, तसेच नैसर्गिक वर्तन करण्याचे स्वातंत्र्यही आहे. ऊन खाणे हे मांजराचे अस्सल नैसर्गिक वर्तन. म्हणजे उन्हातल्या पांढऱ्या मांजरावर ही दोन स्वातंत्र्ये समोरासमोर येतात, आणि यादी स्वतः त्यांतला तंटा सोडवत नाही.

तो सोडवायला जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेता येतो, आणि तोही गमतीचा, कारण माणसाच्या हितासाठी त्याच्यावर जबरदस्ती करू नये असे ठासून सांगणारा हा लेखक. १८५९च्या 'ऑन लिबर्टी'त तो धोकादायक पुलाचा दाखला देतो. पूल मोडका आहे हे ज्याला ठाऊक नाही आणि सांगायला वेळही नाही, अशा माणसाला धरून मागे ओढले तर त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही. त्याला पलीकडे जायचे होते, नदीत पडायचे नव्हते. मांजराला ऊब हवी आहे, किरण नको आहेत. त्याला ते सांगण्याची सोय नाही, उद्याही होणार नाही. म्हणून किरणांच्या बाबतीत त्याला दूर करणे हे त्याच्या इच्छेविरुद्ध ठरत नाही. उष्णतेच्या बाबतीत हीच मुभा घेता येत नाही, कारण तेथे मांजराला पूल मोडका असल्याचे कळते. तेथे माणसाचे काम वाट मोकळी ठेवण्याचे: दार उघडे, सावलीची फरशी, दोन-तीन ठिकाणी पाणी. सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात पसरलेल्या काळ्या बोक्याला 'बाहेर तापलंय' म्हणून आत कोंबणारा माणूस मांजराची काळजी करत नसतो, स्वतःची चिंता शमवत असतो.

स्यू डोनाल्डसन आणि विल किमलिका यांच्या २०११च्या 'झूपोलिस' ग्रंथात पाळीव प्राण्यांना समाजाचे नागरिक मानावे असे प्रतिपादन आहे. त्यांना इच्छा असतात आणि त्या विश्वासातल्या माणसाच्या मदतीने व्यक्त होतात, असे ते म्हणतात. कल्पना धाडसी आहे. मतदार यादीपर्यंत ती ताणण्याचे कारण नाही. पण तिच्यातला एक मुद्दा घेण्यासारखा आहे. मांजराची इच्छा वाचायची म्हणजे ते जेथे बसले ती जागा वाचायची नाही. त्या जागेत त्याला काय हवे आहे ते वाचायचे. ऊब हवी असेल तर ती किरणांवाचून देता येते. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर खिडकी मोकळी, मधल्या वेळात जाड पडदा किंवा काचेवर अतिनील किरण रोखणारी फिल्म, आणि सावलीत गोधडीची घडी. नागपूर-चंद्रपूरकडे तर मे महिन्यात उबेचा तुटवडा नसतोच. दुपारचा कवडसा गेल्याने तेथल्या मांजराचे फार बिघडत नाही.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णव संप्रदायात याच्याशी जुळणारा एक जुना वाद आहे. ईश्वर जिवाला कसा तारतो? तेंगलै मताप्रमाणे मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते तसा. पिल्लाला काही करावे लागत नाही. वडगलै मताप्रमाणे माकडाच्या पिल्लासारखे जिवाने आईला घट्ट धरून ठेवले पाहिजे. मार्जारन्याय आणि मर्कटन्याय ही नावे त्यातून आली. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे मराठीत म्हणतात. जागा सुरक्षित वाटली नाही की ती पिल्लाला न विचारता उचलते. पाळणारा माणूस या मांजरीच्या जागी बसतो. पण मोठे झालेले मांजर पिल्लू नसते, त्याला स्वतःची समज असते. त्याच्या बाबतीत दोन्ही न्याय अर्धे-अर्धे चालतात: त्याला जे कळते ते त्याने धरावे, जे कळू शकत नाही तेवढ्यापुरते माणसाने उचलावे. परंपरेने मांजराच्या उन्हातल्या बैठकीकडे पाहिले नाही असे नाही, पण संशयाने पाहिले. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी हात वर करून तप करणारा ढोंगी बोका आहे, मामल्लपुरमच्या शिल्पपटावर तोच मागच्या पायांवर उभा असून भोवती उंदीर आहेत. त्याच्या कानांची विचारपूस तेथे कोणी केलेली नाही.

दयेला ज्ञानाची जोड नसेल तर काय होते याचे उन्हाळ्याइतके चांगले उदाहरण नाही. दशवैकालिक सूत्रात ज्ञानाचे स्थान दयेच्या आधी सांगितले आहे, ते येथे अक्षरशः खरे ठरते. मांजराचे कान भाजतात म्हणून माणसे स्वतःचे सनस्क्रीन त्याच्या कानाला लावतात. मांजर पंजाने कान पुसून पंजा चाटते, आणि त्या मलमातले झिंक ऑक्साइड किंवा सॅलिसिलेट पोटात जाते. मांजराच्या यकृतात अशी काही द्रव्ये निकामी करणारी यंत्रणा दुबळी असते. म्हणूनच माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याला मारू शकते. उकाडा होतो म्हणून त्याचे केस भादरणे हाही असाच प्रकार: केसांचे आवरण कातडीला ऊन लागू देत नाही, ते काढले की किरणांना मोकळे रान मिळते. उष्माघात झालेल्या मांजरावर बर्फाचे पाणी ओतण्याऐवजी साध्या गार पाण्याने अंग ओले करून, वारा घालून त्याला ताबडतोब पशुवैद्याकडे नेले पाहिजे. हेतू चांगला होता हे म्हणणे प्रमादाच्या कसोटीवर टिकत नाही, कारण ज्याच्यावर जीव अवलंबून आहे त्याच्याविषयी न विचारणे हाच प्रमाद.

या सगळ्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला प्रारब्धाचा: जो भोग त्या जिवाचा आहे तो त्याला भोगू द्यावा. हा आक्षेप मानला तर नाथांची कावडही वायाच गेली म्हणावी लागेल. कर्मसिद्धान्ताने दुसऱ्याच्या दुःखाची कारणमीमांसा दिली, स्वतःच्या कर्तव्यातून रजा दिली नाही. दुसरा आसक्तीचा, आणि तो अधिक वजनदार. भागवतात राजर्षी भरत अनाथ हरिणाच्या पाडसाला वाढवतो, त्याच्यात गुंततो आणि पुढचा जन्म हरिणाचा घेतो. पण कथेत पाडसाला नदीच्या प्रवाहातून उचलणे हा दोष ठरलेला नाही. पाडसाशिवाय काहीच न उरणे हा दोष आहे. मांजरासाठी पडदा ओढणे आणि मांजरावाचून घराबाहेर पाऊल न टाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरा आक्षेप माणसांच्या बाजूने येतो. डांबर ओतणारे, वीटभट्टीवर राबणारे, कापसाच्या रानात वाकलेले हात त्याच दुपारी उन्हात असताना मांजराच्या कानांची चर्चा चैनीची नाही का? चैन ठरते ते रिकाम्या घरात मांजरासाठी दिवसभर एसी चालू ठेवणे. पडदा, पाण्याचे भांडे आणि अर्धे उघडे दार यांनी कोणा मजुराची सावली कमी होत नाही, आणि मजुराला सावली नाही हे मांजराचे देणे बुडवण्याचे कारणही होऊ शकत नाही.

राहिला प्रश्न मुळातच मांजर आणण्याचा. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकाला निषिद्ध असलेल्या व्यवसायांची जी यादी दिली, तीत पैशासाठी मांजरे, कुत्री, पोपट, मैना पाळणेही आहे. आजच्या पर्शियन मांजरांच्या पैदाशीकडे पाहिले की ती यादी कालबाह्य वाटत नाही. चपट्या नाकाच्या या जातीला श्वासावाटे उष्णता बाहेर टाकणे जड जाते, वर अंगभर दाट लांब केस. आणि ती विकली जाते ती उन्हाने भाजून निघणाऱ्या शहरांत. तिच्या बाबतीत प्रमाद खिडकीपाशी सुरू होत नाही, दुकानात सुरू होतो. ज्या घरात दुपारभर सावलीची आणि वाऱ्याची एक खोली मोकळी ठेवता येत नाही, त्या घराने पर्शियन मांजर विकत घेऊ नये. आणि पांढरे मांजर घरी असेल तर मार्च ते जून दर आठवड्याला त्याच्या कानांच्या कडा उजेडात धरून पाहाव्यात.